रोजच्या घासातील लोह

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराचा जमाखर्च आणि ताळेबंद आपल्यापुढे मांडून झाला आहे. लेखापरीक्षकांचा अहवालही आपण ऐकलात. आता ज्याची तपासणी कोणताही लेखापरीक्षक करीत नाही अशा एका हिशेबाकडे आपले लक्ष वेधण्याची अनुमती आम्ही मागत आहोत. तो हिशेब आहे आपल्या परिसरातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांच्या शरीरातील लोहाचा. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे वैद्यकशास्त्रातील जे काही येथे सांगणार आहोत, ते आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांकडून समजून घेतलेले आणि प्रसिद्ध अहवालांशी ताडून पाहिलेले आहे. मात्र हिशेब मांडण्याची रीत आमची आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

पाच वर्षांखालील बालकाच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण त्याला रक्तक्षय मानते. या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या बालकांत रक्तक्षयाचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६३.४ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ५३.८ टक्क्यांपर्यंत खाली आले आणि २०१९-२१ च्या सर्वेक्षणात पुन्हा ६८.९ टक्क्यांवर गेले. म्हणजे राज्यातील दर तीन बालकांपैकी दोघे या व्याख्येत बसतात.

या आकड्यांबाबत एक खुलासा करणे आमचे कर्तव्य आहे. हे आकडे बोटाच्या टोकाला टोचून घेतलेल्या रक्तावर आधारलेले होते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात मात्र शिरेतून रक्त घेण्यात आले. त्यात एक ते चार वर्षांच्या बालकांत देशभरातील रक्तक्षयाचे प्रमाण ४१ टक्के आढळले आणि लोहाची कमतरता ३२ टक्के बालकांत दिसली. तेव्हा आकडा नेमका कोणता, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. सर्व रक्तक्षय लोहाच्या अभावानेच होतो असेही नाही. बी-१२ जीवनसत्त्व व फॉलिक ॲसिडची उणीव, जंत, वारंवार होणारे संसर्ग आणि थॅलेसेमियासारखे आनुवंशिक विकार हीदेखील त्याची कारणे आहेत. तथापि कमीत कमी आकडा धरला तरी दर तीन बालकांमागे एका बालकाला लोह कमी पडते आहे. ही तूट कोणत्याही संस्थेच्या ताळेबंदात दिसली असती, तर आपण सर्वांनी त्याच सभेत खुलासा मागितला असता.

या तुटीचा दोष असा की ती दुखत नाही. ताप असलेल्या मुलाला आई-वडील रात्री-अपरात्री घेऊन येतात. लोह कमी असलेले मूल मात्र एका जागी बसून राहते, कमी खाते, लवकर थकते, आणि घरचे कौतुकाने म्हणतात, 'पोर अगदी शांत आहे हो.' काही मुले माती खातात, भिंतीचे पोपडे खातात. त्यांना रागावले जाते, परंतु तपासणीसाठी आणले जात नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ सर्वाधिक वेगाने होते आणि त्या वाढीला लोह लागते. त्या काळात राहिलेली उणीव पुढे औषधाने हिमोग्लोबिन वाढवूनही पूर्णपणे भरून निघेलच असे नाही, हे बालरोगतज्ज्ञ वारंवार सांगतात.

बालकाची आरंभीची शिल्लक

पूर्ण दिवसांचे, पुरेशा वजनाचे अर्भक लोहाची आरंभीची शिल्लक घेऊन जन्माला येते. ही शिल्लक त्याला साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह फार थोडे असते. ते उत्तम पचते, पण सहा महिन्यांनंतर वाढत्या शरीराला अपुरे पडते. जे बाळ कमी दिवसांचे वा कमी वजनाचे असते, त्याची शिल्लक आरंभापासूनच तोकडी असते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. आईचेच खाते रिकामे असेल, तर बाळाच्या खात्यावर जमा कोठून होणार? म्हणूनच गरोदरपणातील लोहाच्या गोळ्या हा बाळाच्याही पोषणाचा पहिला हप्ता होय. प्रसूतीनंतर नाळ लगेच न बांधता एक ते तीन मिनिटे थांबावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही याच कारणासाठी आहे. त्या अल्पावधीत वारेतील जे रक्त बाळाकडे जाते, त्यातून काही महिन्यांचे लोह त्याला मिळते, आणि तेही एका पैशाच्या खर्चाशिवाय.

सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नातून भर पडावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या बालकाला रोज ८ मिलिग्रॅम आणि चार ते सहा वर्षांच्या बालकाला ११ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावयास हवे. आता आपल्या घरातील वाटी पाहू. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, मऊ वरण-भात आणि चहात बुडवलेले बिस्कीट. इंदापूर-बारामतीचा हा पट्टा दुधाचा आहे. घरोघरी गाई आहेत, आणि मूल दूध पिते याचे समाधानही मोठे असते. परंतु गाईच्या दुधात लोह नगण्य असते. त्यातील कॅल्शियम अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते, आणि दुधाने पोट भरलेले मूल भाकरी-भाजी खात नाही. चहातील टॅनिन तर उरलेसुरले लोहही शरीराला लागू देत नाही.

आमच्या वॉर्डात रुग्णांसाठी डाळिंबे मोठ्या प्रेमाने आणली जातात. आपल्या तालुक्याचे ते वैभवच आहे, आणि डाळिंबाने रक्त वाढते अशी सर्वांची श्रद्धा आहे. फळ म्हणून डाळिंब उत्तमच. तथापि त्यात लोह अत्यल्प असते, १०० ग्रॅम दाण्यांत एक मिलिग्रॅमही नाही. लाल रंगाचा आणि रक्ताचा संबंध दिसतो तेवढा नाही, हे नातेवाइकांना नम्रपणे सांगावे लागते.

फोर्टिफिकेशन म्हणजे काय?

रोजच्या खाण्यातील एखाद्या पदार्थात, त्याची चव, रंग वा स्वयंपाकाची पद्धत न बदलता, उणीव असलेले पोषकद्रव्य मोजून मिसळणे म्हणजे फोर्टिफिकेशन, अर्थात अन्नाचे पोषणसंवर्धन. ही कल्पना आपल्याला नवी नाही. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि गलगंडाचे प्रमाण घटते हे सिद्ध केले. आज आयोडीनयुक्त मीठ आपण विचारही न करता आमटीत घालतो. चांगल्या सार्वजनिक उपायाचे लक्षण हेच की काही काळाने तो उपाय आहे हेदेखील कोणाच्या ध्यानात राहत नाही.

लोहाच्या बाबतीत काम अधिक अवघड आहे. लोह अन्नाचा रंग व चव बदलते आणि सहज पचत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत तांदूळ, गव्हाचे पीठ, मीठ, तेल व दूध यांच्या पोषणसंवर्धनाचे निकष ठरविण्यात आले. तांदळासाठी एका किलोत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, शिवाय फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असे प्रमाण आहे. तांदळाच्या पिठात ही द्रव्ये मिसळून यंत्रातून तांदळाच्याच आकाराचे दाणे पाडतात, आणि शंभर साध्या दाण्यांमागे असा एक दाणा मिसळतात.

आपल्या राज्यात गडचिरोली जिल्ह्यात रेशनच्या दुकानांतून असा तांदूळ देण्याचा पथदर्शी प्रकल्प राबविला गेला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी सर्व सरकारी योजनांतून फोर्टिफाइड तांदूळ देण्याची घोषणा केली आणि मार्च २०२४ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने अंगणवाड्या, शाळा व रेशन दुकानांपर्यंत पोहोचविण्यात आला. तेव्हाच्या सरकारी अंदाजानुसार ३५० लाख टन तांदळासाठी वर्षाला सुमारे २,७०० कोटी रुपये लागणार होते. आकडा मोठा वाटतो, पण भागाकार केला तर खर्च किलोमागे ७७ पैसे पडतो.

परंतु पैशाचा हिशेब जमला म्हणून काम झाले असे होत नाही. राज्यात ठिकठिकाणी गृहिणींनी हे वेगळे दिसणारे, पाण्यावर तरंगणारे दाणे 'प्लास्टिकचा तांदूळ' समजून निवडून टाकले. म्हणजे सरकारने मोजून घातलेले लोह सुपातून उकिरड्यावर गेले. तांदूळ देण्याआधी तो का वेगळा दिसतो हे सांगणारे कोणी हवे होते. सांगण्याचे हे काम गावातील रुग्णालय, आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्याशिवाय दुसरे कोण करणार?

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. दोन वर्षांचे मूल दिवसाला समजा ५० ग्रॅम तांदळाचा भात खाते. फोर्टिफाइड तांदळातून त्याला १.४ ते २.१ मिलिग्रॅम लोह मिळेल, म्हणजे रोजच्या ८ मिलिग्रॅम गरजेच्या सुमारे सहाव्या ते चौथ्या हिश्श्यापर्यंत. त्यातलेही थोडेच शोषले जाते. घरातील कर्ता माणूस चौपट भात खातो, म्हणून त्याला चौपट लोह मिळते. ज्याची गरज सर्वांत निकडीची, त्याचे पोट सर्वांत लहान, ही यातील खरी अडचण आहे. जगभरातील चाचण्यांचा २०१९ मध्ये जो एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यातही केवळ लोहयुक्त तांदळाने रक्तक्षयात फारसा फरक पडतो असे ठामपणे दिसले नाही. शिवाय आपल्या भागात भातापेक्षा भाकरी अधिक. तेव्हा हा उपाय उपयुक्त असला तरी लहानग्यांसाठी पुरेसा नाही.

आपल्याच जिल्ह्यातील एक प्रयोग

मग लहान मुलाच्या छोट्या वाटीतच लोह घालता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक उत्तम प्रयत्न आपल्याच पुणे जिल्ह्यात झाला, हे सांगताना आम्हाला अभिमान वाटतो. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्यकार्य डॉ. बानू कोयाजी यांनी उभे केले. १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्काराने सन्मानित झालेल्या या विदुषींचा विश्वास गावातील साध्या स्त्रियांच्या आरोग्यसेवेवर होता. त्याच परिसरातील २२ गावांत सहा ते अठरा महिन्यांच्या ४३२ रक्तक्षयग्रस्त बालकांवर एक चाचणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २००७ मध्ये 'इंडियन पेडिॲट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. टोरोंटोच्या डॉ. स्टॅन्ली झ्लॉटकिन यांनी विकसित केलेली, 'स्प्रिंकल्स' या नावाची बिनचवीची लोहभुकटी काही मुलांच्या रोजच्या मऊ अन्नावर भुरभुरण्यात आली, तर काहींना नेहमीचे लोहाचे थेंब दिले गेले. आठ आठवड्यांनी सर्वच गटांतील हिमोग्लोबिन वाढले. भुकटीची १२.५ मिलिग्रॅमची सर्वांत लहान मात्राही मोठ्या मात्रांइतकीच आणि थेंबांइतकीच गुणकारी ठरली, आणि त्रास मात्र थेंबांच्या गटात अधिक आढळला.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, थोडे पण रोज आणि अन्नासोबत दिलेले लोह मुलाला मानवते. दुसरी, आई जे स्वतःच्या हाताने वाटीत घालते, त्यावर तिचा विश्वास बसतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये, जेथे बालकांतील रक्तक्षय २० टक्के वा अधिक आहे तेथे अशा भुकटीची शिफारस केली. ही भुकटी गरम कढत अन्नात घालावयाची नसते. अन्न खाण्याइतके कोमट झाल्यावर, घट्टसर वरण-भातात किंवा खिमटीत मिसळून ते अर्ध्या तासात संपवावयाचे असते.

शेतातूनच येणारे लोह

कारखान्यात लोह मिसळण्याऐवजी पिकातच ते अधिक यावे, हा तिसरा मार्ग आहे, आणि तो आपल्या शेतकरी बांधवांच्या हातात आहे. हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने 'धनशक्ती' हे बाजरीचे वाण तयार झाले. २०१२ मध्ये ते महाराष्ट्रासाठी आणि २०१४ मध्ये देशासाठी प्रसारित झाले. त्याच्या एका किलोत सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. बेळगाव येथील संशोधकांनी दोन-अडीच वर्षांच्या ४० बालकांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या बाजरीतून मुलांना दिवसाला ०.२३ मिलिग्रॅम, तर लोहसमृद्ध बाजरीतून ०.६७ मिलिग्रॅम लोह प्रत्यक्ष शोषले गेल्याचे त्यात आढळले. महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलांना अशा बाजरीची भाकरी देऊन केलेल्या २०१५ च्या अभ्यासात शरीरातील लोहसाठा वाढल्याचे दिसले. मुंबईतील वस्त्यांमधील एक-दीड वर्षाच्या बालकांवरील पुढील अभ्यासात मात्र सर्व मुलांचा एकत्र विचार करता ठळक फरक दिसला नाही. म्हणून बाजरी हे औषध नव्हे, पण भाकरीतून रोज होणारी भर आहे.

आपल्याकडे बाजरी 'उष्ण' म्हणून भोगी-संक्रांतीपुरती उरली आहे. पीठ लवकर कडवट होते, ही गृहिणींची तक्रारही रास्त आहे. उपाय जुनाच आहे: थोडे थोडे दळावे. सोबत मोड आलेली मटकी किंवा हुलगा आणि वर लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते. चालत असेल त्या घरात अंडे द्यावे. आणि भाजी ॲल्युमिनियमच्या पातेल्याऐवजी लोखंडी कढईत करावी. इथिओपियात झालेल्या व १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोखंडी भांड्यात शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन अधिक वाढले होते. आपल्या आजीबाईंची कढई माळ्यावरून खाली काढण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

सावधगिरी

लोह गुणकारी आहे, तसेच जपून वापरण्याचे आहे. टांझानियातील पेम्बा बेटावर, जेथे मलेरिया फार होता, तेथे बालकांना सरसकट लोह व फॉलिक ॲसिड दिल्यावर गंभीर आजार वाढल्याचे २००६ मध्ये निदर्शनास आले. थॅलेसेमियाच्या रुग्णांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोह देऊ नये. लोहाने महिनाभरात हिमोग्लोबिन वाढले नाही, तर पुढील तपासणी अवश्य करावी. आणि मोठ्यांच्या लोहाच्या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. लहान मुलाने त्या गिळल्या तर जिवावर बेतू शकते.

आपल्यापुढे ठेवलेला संकल्प

काही देणगीदारांनी दुकानात मिळणाऱ्या पौष्टिक पावडरीचे डबे वाटण्याची इच्छा प्रकट केली आहे. त्यांच्या भावनेबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु डबा महिन्यात संपतो, त्यात साखर बरीच असते, आणि तो संपल्यावर वाटी पुन्हा पूर्वीसारखीच राहते. म्हणून तीच रक्कम पुढील चार कामांसाठी द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.

पहिले काम तपासणीचे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसाठी बहुतेक बाळे येतात. त्याच वेळी त्यांचे हिमोग्लोबिन तपासावे. त्यासाठी नवीन शिबिर नको, आईची वेगळी खेप नको आणि तिचा रोजगारही बुडू नये.

दुसरे काम पाठपुराव्याचे. २०१८ च्या 'ॲनिमिया मुक्त भारत' अभियानात सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे सरबत मोफत देण्याची तरतूद झाली. मात्र शी काळी झाली की आई घाबरते, आणि औषध बाटलीतच राहते. हा रंग बदलणे स्वाभाविक आहे, एवढे एक वाक्य वेळेवर सांगणारी परिचारिका हवी. जंताच्या गोळीची आठवणही तिनेच करावी.

तिसरे काम ऊसतोड कुटुंबांचे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून येणारी ही कुटुंबे पाच-सहा महिने आपल्या शिवारात कोप्या घालून राहतात. पहाटे आई-वडील फडात जातात, आणि मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर राहते. त्याचे नाव दूरच्या गावच्या अंगणवाडीत असते. त्यामुळे सरबतही नाही, आहारही नाही, तपासणीही नाही. आपल्या साखरेचा गोडवा ज्यांच्या श्रमांवर उभा आहे, त्यांची मुले आपल्या हिशेबातून सुटता कामा नयेत. हंगामात महिन्यातून एकदा परिचारिका व समुपदेशक कोप्यांवर जातील, येथील अंगणवाडीत नाव घालण्यास आणि रेशनकार्डाच्या सोयीचा लाभ मिळविण्यास मदत करतील, आणि ज्या बालकांसाठी डॉक्टर सांगतील त्यांनाच लोहभुकटी वा औषध देतील. या चार कामांत सर्वाधिक खर्च याच कामाचा आहे, आणि निधीची सर्वाधिक निकडही येथेच आहे.

चौथे काम स्वयंपाकघराचे. बाह्यरुग्ण विभागाच्या ओसरीत आठवड्यातून एकदा बाजरीची खिमट, मोडाच्या मटकीचे कढण, अळिवाचे लाडू असे पदार्थ माता व आजी यांच्यासमोर करून दाखवावेत. मुलाच्या वाटीत काय पडावे हे बहुतेक घरी आजी ठरवते, म्हणून आजींना आमचे विशेष निमंत्रण राहील. धनशक्तीसारखे बियाणे काही शेतकरी बांधवांनी चार गुंठ्यांत जरी घेतले, तरी या ओसरीसाठी ते पुरेल.

या कामांचा खर्च व निष्पत्ती यांचा स्वतंत्र हिशेब पुढील वार्षिक अहवालात देण्याचे बंधन आम्ही स्वतःवर घालून घेत आहोत. किती बालकांची तपासणी झाली, कितींचे हिमोग्लोबिन वाढले, आणि कितींचे वाढले नाही, हे तिन्ही आकडे त्यात असतील. सरकारी योजनांचे स्वरूप काळानुसार बदलते. दोन वर्षांच्या मुलाची गरज मात्र आठ मिलिग्रॅमच राहते, आणि ती रोजची असते.

उपस्थित रुग्णांच्या नातेवाइकांना एवढेच सांगणे आहे: आपले मूल शांत आहे, माती खाते, किंवा दुधाशिवाय काही खात नाही, असे असेल तर त्याला एकदा तपासणीसाठी जरूर आणावे. विश्वस्तांनी संकल्पास मान्यता द्यावी, देणगीदारांनी यथाशक्ती हातभार लावावा, अशी आमची प्रार्थना आहे.